पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा आणि २६ जानेवारी

दरवर्षी २६ जानेवारी रोजी गावोगावी राष्ट्रध्वजास वंदना दिली जाते. १९५० साली याच दिवशी भारताची राज्यघटना पूर्णतः अमलात आली, हे सर्वांस ज्ञात आहे. तथापि घटना समितीने ती २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच स्वीकारली होती. असे असता अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांनंतरचा हाच दिवस का निवडण्यात आला? याचे उत्तर त्यापूर्वी वीस वर्षे घेतल्या गेलेल्या एका प्रतिज्ञेत आहे.

डिसेंबर १९२९ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली लाहोर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. वसाहतीच्या स्वराज्याची मागणी मागे पडून पूर्ण स्वराज्य हे ध्येय निश्चित झाले आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या तीरावर तिरंगा फडकविण्यात आला. परंतु प्रतिनिधींनी संमत केलेला ठराव हा जनतेचा निर्धार व्हावयास हवा होता. म्हणून रविवार, दि. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर सभा भरवून, लोकांना समजेल अशा भाषेत प्रतिज्ञा वाचून दाखवावी व तिला त्यांची संमती घ्यावी, असे ठरले. त्या दिवशी भाषणांना महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते लोकांच्या होकाराला.

स्वातंत्र्य व आपल्या कष्टाचे फळ उपभोगणे हा प्रत्येक जनतेचा हक्क असून, तो हिरावून घेणारी सत्ता बदलण्याचा वा नष्ट करण्याचाही तिला हक्क आहे, असे प्रतिज्ञेच्या आरंभीच म्हटले होते. परकीय राजवटीने देशाची आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक अशी चतुर्विध हानी केली, हा तिचा मुख्य आरोप होता. त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेला हिशेब शेतकऱ्यास सहज उमगणारा होता. माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला अवघे सात पैसे, आणि तेही एका रुपयाचे ६४ पैसे होत त्या काळात! करांपैकी २० टक्के भाग शेतसाऱ्याचा व ३ टक्के मिठावरील कराचा. चरखा व इतर ग्रामोद्योग बुडाल्यामुळे शेतकरी वर्षातून किमान चार महिने रिकामा. अशा राजवटीपुढे मान तुकविणे हा अपराध होय, असे बजावूनही प्रतिज्ञेने हिंसेचा मार्ग निषिद्ध मानला. सरकारशी असहकार, कायदेभंग व करबंदी हीच तिची साधने होती.

मिठावरील कराचा वाटा आकड्याने लहान, पण त्याचा भार गरिबांवर सर्वाधिक होता. १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडीयात्रा आरंभिली ती याच करावर बोट ठेवून. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गोव्याच्या सीमेलगत शिरोडे येथेही मिठाचा सत्याग्रह झाला.

१९४७ पर्यंत २६ जानेवारी हाच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाई. पुढे १५ ऑगस्टला तो मान मिळाला. पण प्रतिज्ञेच्या दिवसाचे स्मरण राहावे म्हणून राज्यघटनेच्या प्रारंभासाठी तोच दिवस राखला गेला. गोमंतकीयांना मात्र पोर्तुगीज सत्तेतून मुक्त होण्यासाठी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली. १९६२ चा प्रजासत्ताक दिन हा मुक्त गोव्यातील पहिला होय.

या प्रतिज्ञेचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. राज्यकारभाराची पारख गरिबाच्या रोजच्या मिळकतीवरून व त्याच्यावरील करभारावरून करावी, ही दृष्टी तिने दिली. परकीय सत्तेला लावलेली ती कसोटी स्वकीय शासनालाही लागू पडते. शाळांमधून या दिवशी राज्यघटनेच्या प्रास्ताविकेसोबत ही प्रतिज्ञाही वाचून समजावून दिल्यास, प्रजासत्ताकाकडून आपण काय अपेक्षावे आणि त्यासाठी आपण काय करावे, हे विद्यार्थ्यांना अधिक स्पष्टपणे उमगेल.