बिशपची गादी आणि मंडळीची वर्गणी

आमच्या मालवण-सावंतवाडीकडे ‘बिशप’ म्हटले की रोमन कॅथलिक बिशपच डोळ्यांपुढे येतात, आणि ते साहजिक आहे. गोव्याच्या शेजारामुळे या किनाऱ्यावरील बहुसंख्य ख्रिस्ती बांधव कॅथलिक आहेत. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व त्याची गादी सावंतवाडीस आली. परंतु बिशपांची आणखी एक परंपरा मराठी मुलखात सव्वाशेहून अधिक वर्षे नांदली. ती इंग्लंडच्या चर्चची, म्हणजे अँग्लिकन. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या १८९० सालच्या चहापायी टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आले, ही हकीकत आपण सारे जाणतो. ते मिशन याच चर्चचे होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

आमची हयात कामगार संघटनेत गेली. तेव्हा धर्मशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. एक संघटना म्हणूनच या चर्चकडे पाहतो. आमचा प्रश्न एवढाच आहे : पैसा कोणाचा होता, आणि हुकूम कोणाचा चालला?

प्रथम रचना पाहू. एका बिशपच्या देखरेखीखालील मुलूख म्हणजे धर्मप्रांत. त्यात अनेक मंडळ्या, आणि प्रत्येक मंडळीस एक पाळक. पाळकाला दीक्षा देण्याचा अधिकार बिशपचा. बिशपची गादी ज्या देवळात असते ते कॅथीड्रल. अँग्लिकन चर्च पोपचा अधिकार मानीत नाही. इंग्लंडात त्याचे शासकीय प्रमुखपद राजाकडे असते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा गुंता तिच्यातून निघाला.

१८१३ च्या सनदी कायद्यान्वये १८१४ साली कलकत्त्यास पहिला अँग्लिकन बिशप नेमला गेला. त्याचा वार्षिक पगार ५,००० पौंड, आणि तो कंपनीच्या हिंदुस्थानातील महसुलातून, म्हणजे आपल्या रयतेच्या साऱ्यातून! १८३७ साली मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व टॉमस कार हे पहिले बिशप झाले. कोटातले सेंट टॉमसचे देऊळ १७१८ पासून चालू होते. त्याला आता कॅथीड्रलचा मान मिळाला. या देवळाकडे जाणारा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. दरवाजा पाडला गेला, नाव स्टेशनास राहिले.

धर्मप्रांताची हद्द म्हणजे मुंबई इलाख्याची हद्द. मालवण १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांकडून कंपनीकडे गेले होते. त्यामुळे आमचा किनाराही नकाशावर या बिशपच्या हद्दीत आला. येथल्या कोणास विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

पाळक दोन प्रकारचे होते. गोऱ्या पलटणी व अंमलदार यांच्यासाठी सरकारी पगारी चॅप्लेन, आणि देशी मंडळ्यांसाठी मिशन सोसायट्यांचे पाळक. पहिल्यांचा पगार सरकारी तिजोरीतून येई, दुसऱ्यांचा बव्हंशी विलायतेतील वर्गणीतून. बिशपची नेमणूक राजाच्या सहीने होई. देवळात बसणाऱ्या मराठी माणसाला या व्यवहारात मत नव्हते. ज्याची वर्गणी नाही त्याचे मत नाही, हा न्याय आम्ही गिरण्यांच्या फाटकावर पुष्कळ पाहिला आहे.

बदल झाला तो १९२७ च्या इंडियन चर्च कायद्याने. १ मार्च १९३० पासून येथील चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने अलग झाले. बिशप, पाळक व सामान्य सभासद या तिघांना सभेत स्थान मिळाले, आणि बिशप निवडण्याचा अधिकार देशातील मंडळीकडे आला. ही घटना घडविण्यात मुंबईचे बिशप एडविन पामर यांचा मोठा वाटा होता. १९२९ साली नाशिकचा धर्मप्रांतही वेगळा निघाला.

दुसरी पायरी २९ नोव्हेंबर १९७० ची. त्या दिवशी नागपुरास अँग्लिकनांसह सहा चर्चे एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. यातील कित्येकांत पूर्वी बिशपच नव्हते. प्रेसबिटेरियनांचा कारभार वडीलमंडळाच्या मताने चाले. वेंगुर्ल्यास दवाखाना चालविणारे अमेरिकन मिशन याच पंथाचे. नव्या चर्चने बिशपही ठेवला आणि निवडलेल्या प्रतिनिधींची सभाही ठेवली. दोन युनियनांचे एकीकरण करताना दोन्हीकडच्या चालीरीती सांभाळाव्या लागतात, तसेच हे झाले.

परंतु एकीकरणाचा ठराव टाळ्यांनी मंजूर होतो आणि भांडण मालमत्तेशी येऊन अडते, हाही आमचा अनुभव. गुजरातेतील ब्रदरन मंडळीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने नोंदलेल्या न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही; त्यासाठी कायद्याची रीत पाळावी लागते, असा २०१३ साली निकाल झाला. म्हणजे सामान्य सभासदाने प्रार्थनेइतकेच हिशेबाच्या वहीकडेही लक्ष द्यावयास हवे.

सेंट टॉमसमध्ये बिशपची गादी आजही आहे. फरक एवढाच की १८३७ साली ती रयतेच्या साऱ्यावर आणि राजाच्या सहीवर उभी होती. आज तिचा भार मंडळीवर आहे. सभेला हजर राहणे, वर्गणी वेळेवर देणे आणि हिशेब मागणे, ही तीन कामे सभासदांनी सोडली, तर घटनेत लिहिलेले स्वराज्य कागदावरच राहील. ही गोष्ट चर्चला लागू आहे तशीच आमच्या युनियनला, आणि श्रोतेहो, आपल्या प्रत्येक संस्थेलाही लागू आहे.