ट्रायपॉड घेताना: नव्या छायाचित्रकारासाठी हलका, परवडणारा आणि भरवशाचा



इंदुरातल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत आता एखादा तरी चांगला कॅमेरा आहे. बारावीनंतर किंवा कॉलेजात गेल्यावर मुलामुलींनी हट्टाने घेतलेला, आणि घरच्यांनी तीस-चाळीस हजार बाजूला काढून दिलेला. मंडळाचा गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू यांचे फोटो हीच मुले काढतात. वर्षभराने त्यांची पुढची मागणी येते, "बाबा, ट्रायपॉड हवा."

इथे पालक अडखळतात. तीन काठ्यांना एवढे पैसे कशाला, असे म्हणून सर्वांत स्वस्त ट्रायपॉड आणला जातो. नाहीतर दुकानदाराच्या सांगण्यावरून इतका भारी घेतला जातो की मूल तो उचलून नेतच नाही. आम्ही काही निवृत्त सभासद रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन फिरायला जातो, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. एकेकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावे, असे ठरवले.

ट्रायपॉड नेमका कशासाठी?

उजेड कमी झाला की कॅमेऱ्याला जास्त वेळ 'डोळा उघडा' ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात हात हलला की फोटो पुसट येतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर कृष्णपुरा छत्र्यांचा फोटो घ्यायचा आहे, असे समजा. आयएसओ १०० ठेवला आणि उजेडाप्रमाणे २ सेकंद लागले, तर हातात धरून तो फोटो येणार नाही. हातात धरण्यासाठी वेळ १/३० सेकंदापर्यंत आणायचा, तर आयएसओ ६४०० करावा लागतो. मग फोटोभर दाणे दिसतात आणि दगडावरचे कोरीव काम हरवते. ट्रायपॉड असला तर आयएसओ १०० वरच, स्वच्छ फोटो मिळतो.

मात्र ट्रायपॉड कॅमेरा स्थिर ठेवतो, समोरच्या माणसांना नव्हे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, रंगपंचमीची गेर, स्टेजवरचा नाच यांत माणसे हलत असतात. तिथे वेगवान शटरच हवे. शिवाय त्या गर्दीत ट्रायपॉडचे पाय पसरणे धोक्याचेही आहे. आपल्या मुलाला अशाच फोटोंची आवड असेल, तर ट्रायपॉडचे पैसे सध्या वाचवावेत.

त्याचा खरा उपयोग इमारती, देवळे, संध्याकाळचे घाट, पातालपाणीसारखे धबधबे, रात्रीचे आकाश, घरातले समूहफोटो आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ यांत आहे. समूहफोटोत आणखी एक फायदा. टायमर लावून फोटो काढणाराही फोटोत येतो. नाहीतर घरच्या सगळ्या अल्बमांत नेमका तोच नसतो!

आधी वजन, मग बाकी सगळे

लाला दीनदयाळ यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. १८६६ मध्ये ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले, १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले आणि महाराजा दुसरे तुकोजीराव होळकर यांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे ते हैदराबादला निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. तो काळ काचेच्या प्लेटांचा आणि मोठ्या पेटीसारख्या कॅमेऱ्यांचा. त्यांना तिपाईवाचून गत्यंतर नव्हते आणि ओझे वाहायला माणसे लागत.

आपल्या मुलाबरोबर हमाल नसतो. ट्रायपॉड पाठीवर घेऊन त्याला सिटी बसमध्ये चढायचे असते, मित्राच्या स्कूटरवर मागे बसायचे असते, मांडूला दिवसभर पायी फिरायचे असते. म्हणून पहिला नियम हा की, वजन साधारण १.२ ते १.६ किलो आणि मिटल्यावर लांबी ३५ ते ४५ सेंटीमीटर असावी. एवढा ट्रायपॉड कॉलेजच्या पाठपिशवीच्या बाजूला अडकवता येतो. दोन किलोच्या पुढचा ट्रायपॉड पहिल्या दोन सहलींना जातो आणि नंतर माळ्यावर राहतो. एक किलोच्या खालचे बहुतेक स्वस्त ट्रायपॉड वाऱ्याच्या झुळकीनेही थरथरतात.

उंचीचा आकडा फसवा असतो

खोक्यावर '१६० सेंटीमीटर' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ही उंची बहुधा मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते. दांडा वर काढला की तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा जणू एकाच काठीवर येतो आणि डोलायला लागतो. त्यामुळे दुकानात 'दांडा न काढता उंची किती' एवढेच विचारावे.

हिशेब सोपा आहे. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे डोळे साधारण १५३ सेंटीमीटरवर असतात. कॅमेऱ्याच्या तळापासून त्याच्या खिडकीपर्यंतचे आठ-दहा सेंटीमीटर वजा केले, तर वरच्या डोक्यासह १४० ते १४५ सेंटीमीटर उंची पुरते. हलक्या ट्रायपॉडमध्ये दांडा न काढता तेवढी मिळाली नाही, १२०-१३० च मिळाली, तरी बिघडत नाही. आजकालच्या कॅमेऱ्यांना मागे पडदा असतो. थोडे वाकून काम होते.

पाय, खटके आणि डोके

पाय: चार किंवा पाच भागांचे पाय मिटल्यावर आखूड होतात, पण शेवटचा भाग काडीसारखा बारीक असतो. चार भाग हा मधला मार्ग. उघडताना आधी वरचे जाड भाग उघडावेत, बारीक भाग सर्वांत शेवटी.

खटके: काही पायांना उघडझाप करणारे खटके असतात, काहींना फिरवून घट्ट करायच्या कड्या. दोन्ही चालतात. खटका लागला की नाही, हे डोळ्यांना दिसते. कड्या आटोपशीर असतात आणि बऱ्याचदा खोलून साफ करता येतात. महेश्वरला नर्मदेच्या वाळूत ट्रायपॉड उभा केला असेल, तर घरी येताच पाय पुसून वाळवावेत. आत शिरलेली वाळू लवकरच करकरायला लागते.

डोके: फोटोसाठी गोल गुंडीचे डोके, म्हणजे बॉल हेड, सोयीचे. एक खटका सैल केला की कॅमेरा हवा तिकडे वळतो. मंडळाची नाटके, कीर्तने, गाण्याच्या मैफली यांचे व्हिडिओ मुख्यतः काढायचे असतील, तर दांडी असलेले पॅन हेड घ्यावे. बॉल हेडने व्हिडिओत सावकाश, सरळ रेषेत वळणे जमत नाही. डोके वेगळे काढता येते का, हेही विचारावे. तसे असेल तर पाय तेच ठेवून पुढे नुसते डोके बदलता येते.

कॅमेऱ्याखाली बसणारी पट्टी 'आर्का-स्विस' पद्धतीची असावी. ही पद्धत अनेक कंपन्या वापरतात, त्यामुळे पट्टी हरवली तरी दुसरी सहज मिळते. पट्टीवरचा स्क्रू पाव इंची असतो आणि तो जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांना बसतो. ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्याने त्याच स्क्रूवर बसणारी मोबाइलची पकड घ्यावी. उद्या कॅमेरा आला तरी ट्रायपॉड तोच.

वजन पेलण्याचा आकडा: '८ किलो', '१० किलो' असे लिहिलेले असते, पण हा आकडा मोजण्याची सर्वांना बांधील अशी पद्धत नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने ठरवते. सुरुवातीचा कॅमेरा आणि लेन्स मिळून पाऊण ते एक किलो भरतात. लिहिलेला आकडा निदान त्याच्या चौपट असावा, म्हणजे चिंता नको.

पैशांचा हिशेब

आमचा जन्म खातेवह्यांत गेला, तेव्हा हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ढोबळ मानाने बाजारात तीन पायऱ्या दिसतात.

हजार-दीड हजार रुपये: हलके पाय, प्लास्टिकचे डोके. मोबाइलसाठी ठीक. कॅमेऱ्याला लांब लेन्स लावली की डोके हळूहळू खाली झुकते. तीस हजारांचा कॅमेरा अशा डोक्यावर ठेवू नये.

तीन ते साडेपाच हजार: ॲल्युमिनियमचे पाय, धातूचे बॉल हेड. नव्या छायाचित्रकाराने इथेच थांबावे.

दहा हजार आणि पुढे: कार्बन फायबर. याच मापाच्या ॲल्युमिनियमपेक्षा तीन-चारशे ग्रॅम हलका. छान असतो, पण पहिल्या खरेदीत गरज नाही. ते पैसे प्रवासाला ठेवावेत.

आता तुलना पाहा. बाराशेचा ट्रायपॉड चार वेळा वापरून अडगळीत गेला, तर एका वापराला तीनशे रुपये पडले. साडेचार हजारांचा ट्रायपॉड महिन्यातून दोनदा, तीन वर्षे वापरला तर बहात्तर वापर होतात. प्रत्येकी साडेबासष्ट रुपये. आणि बाराशेचा मोडल्यावर साडेचार हजारांचा घ्यावाच लागला, तर एकूण खर्च पाच हजार सातशे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर माळ्यावरचा ट्रायपॉड ही अनुत्पादक मत्ता. किंमत दुकानात दिसते, पण खरी स्वस्ताई तो किती वेळा घराबाहेर पडला यावरून ठरते.

जुना ट्रायपॉड घ्यायलाही हरकत नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नसते. खटके पक्के बसतात, पाय वाकलेले नाहीत आणि पट्टी सोबत आहे, एवढे पाहिले की पुरे.

दुकानात करायच्या पाच परीक्षा

ऑनलाइन घ्यायचा असेल तरी एकदा दुकानात हात लावून पाहावा. मुलाला बरोबर न्यावे आणि त्याचाच कॅमेरा, त्याची सर्वांत जड लेन्स न्यावी.

१. सगळे पाय उघडून वरून तळहाताने दाबा. कुठलाही पाय सरकता कामा नये.

२. डोके धरून हलकेच पिळा. पायांच्या सांध्यांत खेळ जाणवला तर तो ट्रायपॉड बाजूला ठेवा.

३. कॅमेरा आडवा झुकवून डोके घट्ट करा आणि दोन मिनिटे वाट पाहा. लेन्स खाली झुकली तर डोके कच्चे.

४. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दहापट मोठे करा आणि पायाला टिचकी मारा. थरथर एक-दोन सेकंदांत थांबली पाहिजे.

५. मुलाला तो उघडायला आणि मिटायला सांगा, मग खांद्याला लावून दुकानाबाहेर एक फेरी मारायला लावा. त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळते.

बिल आणि वॉरंटीचे कागद मात्र जपून ठेवा.

वापरताना

शटर बोटाने दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्समध्ये हात हलण्याची भरपाई करणारी सोय असेल, तर ट्रायपॉडवर, विशेषतः जुन्या लेन्सची, ती बंद करावी. वारा असेल तर मधल्या दांड्याच्या हुकाला पिशवी अडकवावी. ती झोके घेऊ नये म्हणून जमिनीला जराशी टेकलेली असावी. नाटकाच्या चित्रीकरणासाठी ट्रायपॉड लाकडी फळ्यांवर ठेवू नये, प्रत्येक पावलाची थरथर चित्रात येते.

मांडूसारख्या, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. आयत्या वेळी पहारेकऱ्याशी वाद घालण्यापेक्षा कापडी पिशवीत किलोभर तांदूळ शिवून सोबत ठेवावेत. कठड्यावर ती पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की बरेच काम भागते. देवळांत आणि घाटांवर तिथल्या लोकांना आधी विचारावे, येण्याजाण्याची वाट अडवू नये.

घरातले एक काम, जे थांबू नये

आपल्यापैकी अनेकांची घराणी पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. कपाटांत पिवळे पडलेले लग्नाचे फोटो, आजोबांच्या नोकरीचे कागद, कुठे मोडीतली पत्रे आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले थोडे कसरीला आणि ओलीला जाते. स्कॅनरखाली दाबले तर जुने कागद फाटतात. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून त्यांचे फोटो काढणे हा चांगला उपाय आहे.

खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी, एक पुठ्ठा भिंतीला तिरका टेकवून ठेवावा. त्यावर फोटो किंवा कागद ठेवावा. कॅमेरा तेवढाच तिरका करून कागदाच्या अगदी समोर आणावा. चारही कडा चौकटीला समांतर दिसल्या पाहिजेत. फ्लॅश बंद, आयएसओ १००, टायमर दोन सेकंदांचा. फोटोची मागची बाजूही टिपावी, कारण नावे आणि तारखा बहुधा तिथेच असतात. आणि हे करताना आजी-आजोबांना शेजारी बसवावे. कोण कोण आहे, हे सांगणारी माणसे आज घरात आहेत. मुलाने नावे लगेच लिहून घ्यावीत.

या एका कामासाठी जरी ट्रायपॉड घेतला, तरी पैसे वसूल झाले असे आम्ही समजतो. कोणाला खरेदीआधी हाताळून पाहायचा असेल, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आम्हाला गाठा. आमचे तीन वेगवेगळ्या मापांचे ट्रायपॉड तिथे असतील. मुलांनी आपापले कॅमेरे लावून पाहावेत.