परसबागेतील ढालकिडे : उपकारक व उपद्रवी जातींची ओळख

परसबागेत आढळणाऱ्या कीटकांचे उपकारक आणि उपद्रवी असे दोन वर्ग सामान्यतः प्रौढ कीटकाच्या बाह्य रूपावरून केले जातात. ही पद्धत किती फसवी आहे, हे कॉक्सिनेलिडी या एकाच कुलाच्या निरीक्षणावरून ध्यानात येते. घुमटाकार पाठीचे, तांबड्या वा नारिंगी रंगावर काळे ठिपके मिरविणारे या कुलातील भुंगेरे ढालकिडे या नावाने परिचित आहेत. मावा व पिठ्या ढेकूण यांचे ते भक्षक असल्यामुळे त्यांना अभय द्यावे, असा उपदेश सर्वत्र केला जातो. परंतु वांग्याच्या पानांतील हरितद्रव्य खरवडून त्यांची जाळी करणारा हेनोसेपिलॅक्ना व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटा हा भुंगेराही याच कुलातील होय.

या जातीच्या नावात अठ्ठावीस ठिपक्यांचा निर्देश असला, तरी ठिपके मोजून निर्णय करणे धोक्याचे आहे. एकाच जातीत त्यांची संख्या कमीअधिक असते. त्याहून बरे लक्षण म्हणजे पंखावरणाचा पोत. वांग्यावरील भुंगेऱ्याच्या पाठीवर सूक्ष्म लव असल्याने तो निस्तेज दिसतो. सात ठिपक्यांचा कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा आणि नागमोडी काळ्या पट्ट्यांचा किलोमेनिस सेक्समॅक्युलाटा हे मावाभक्षक मात्र गुळगुळीत व चकचकीत असतात. तथापि हेही लक्षण निरपवाद नव्हे. रोडोलिया प्रजातीतील भुंगेरे लवदार असूनही निखळ भक्षक आहेत. शंका उरल्यास जबडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. भक्षक जातींच्या जबड्याच्या मुळाशी एक दात असून टोक एकेरी किंवा दुभंगलेले असते. वनस्पतिभक्षक जातींत मुळाशी दात नसतो आणि टोकास अनेक दात असतात.

प्रौढांपेक्षा अळ्यांच्या बाबतीत होणारी चूक अधिक महाग पडते. सप्तबिंदू ढालकिड्याची अळी करड्या-निळसर रंगाची, नारिंगी डागांची, लांब पायांची व चपळ असते; तिचा घाट काहीसा लहानग्या सुसरीसारखा दिसतो. प्रौढ भुंगेऱ्याचे कौतुक करणारा बागप्रेमीच तिला कीड समजून चिरडतो. उलट वांग्याच्या पानाखाली संथपणे चरणारी पिवळसर अळी अंगभर शाखायुक्त काटे बाळगते. अळीभोवती मावा आहे, की पान खरवडल्याच्या खुणा आहेत, एवढे पाहिले तरी बहुधा उलगडा होतो.

क्रिप्टोलीमस माँट्रूझिएरी या मूळच्या ऑस्ट्रेलियन जातीचे उदाहरण तर विशेष मनोरंजक आहे. हा भुंगेरा 1898 साली कॉफीवरील हिरव्या खवलेकिडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला. तो हेतू साधला नाही, पण दक्षिण भारतात पिठ्या ढेकणांवर तो स्थिरावला. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे तंतू असल्याने ती हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखी दिसते. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्याने धुऊन काढताना शत्रूबरोबर त्याचा वैरीही वाहून जातो. काडीने डिवचले असता भेद कळतो: पिठ्या ढेकूण सोंड रोवून जागीच बसलेला असतो, तर अळी चटकन चालू लागते, पूर्ण वाढलेली अळी त्याच्याहून बरीच मोठीही असते.

अशा गल्लतीचे परिणाम बागेपुरतेच राहतात असे नाही. 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या रोडोलिया कार्डिनॅलिस या भुंगेऱ्याने कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागा आयसेरिया पुर्चासी या खवलेकिडीपासून वाचविल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे डीडीटी फवारले जाऊ लागले, तेव्हा हा भक्षक मेला व खवलेकीड पुन्हा उसळली. निलगिरीत हीच कीड आढळल्यावर 1929 साली रोडोलिया भारतातही आणण्यात आला.

मुंग्यांचा प्रश्न मात्र एवढा सरळ नाही. मावा व पिठ्या ढेकूण यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकावून लावतात. त्याच मुंग्या अन्य किडींची अंडी व अळ्या फस्तही करतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसताच त्यांना मारण्याऐवजी ती रांग कोठवर जाते हे प्रथम पाहावे. ती कोवळ्या शेंड्यापाशी थांबत असेल, तर खोडाभोवती चिकट पट्टी बांधून केवळ त्यांची वाट अडविणे पुरेसे होते.