मुलांचे सांसर्गिक रोग आणि वैद्याची निवड

गोवर आपोआप अंगावर उठतो व आपोआप मावळतो, त्याला वैद्य कशाला, अशी समजूत पुष्कळ घरांतून अद्यापि चालत आलेली आढळते. सन २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशीं मुंबईंत गोवंडीच्या दाट वस्तींत गोवराची साथ उसळली, कांहीं बालकें दगावलीं, आणि चिंचपोकळीजवळील कस्तुरबा रुग्णालय गोवराच्या मुलांनीं गजबजून गेलें. तेव्हां ९ महिने ते ५ वर्षें वयाच्या बालकांना लसीची एक जादा मात्रा देण्याचें काम सरकारला हातीं घ्यावें लागलें.

अशा रोगांत वैद्य कोणता, या प्रश्नाइतकाच त्याच्याकडे मूल न्यावें कसें, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. गोवराचा रोगी खोलींतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू तेथील हवेंत सुमारें २ तास टिकतात. शिवाय पुरळ दिसण्यापूर्वीं ४ दिवसांपासूनच मूल हा रोग पसरवूं लागतें. ताप, लाल डोळे व वाहतें नाक घेऊन आई दवाखान्याच्या बाकावर तासभर बसली, तर शेजारच्या मांडीवरील ६ महिन्यांच्या अर्भकाला ती नकळत संकटांत लोटते. कारण लसीची नेहमींची पहिली मात्रा ९ महिने पुरे झाल्यावर मिळते. म्हणून निघण्यापूर्वीं दूरध्वनीनें कळवावें. असें कळविल्यावर जो वैद्य वेगळ्या खोलींत अथवा गर्दी ओसरल्यावर बोलावतो, त्याला सांसर्गिक रोगांची जाण आहे असें खुशाल समजावें.

केवळ मुलांच्या सांसर्गिक रोगांनाच वाहून घेतलेले तज्ज्ञ थोडे, आणि तेही बहुधा मोठ्या शहरांत. सामान्य प्रसंगीं त्यांची गरजही नसते. बालरोगशास्त्रांतील एम. डी. अथवा डी. सी. एच. झालेला गांवांतील वैद्य गोवर, कांजिण्या, गालगुंड, विषमज्वर हे रोग उत्तम हाताळतो. पाटीवरील सोनेरी अक्षरांवर मात्र विसंबूं नये. औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणीक्रमांक छापणें वैद्यास बंधनकारक आहे. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत पडताळून पाहतां येतो.

जाणता वैद्य गोवरांत जीवनसत्त्व ‘अ’ च्या मात्रा लागोपाठ दोन दिवस देतो. मुलाचा श्वास जलद झाला, बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, आंचके आले अथवा मूल कांहींच पिईनासें झालें, तर त्याच क्षणीं रुग्णालय गांठा, असें तो बजावून सांगतो. गोवरानें मरणाऱ्या मुलांपैकीं बरींच न्युमोनियानें जातात.

परंतु वैद्याची खरी परीक्षा घटसर्पांत होते. घशांत करडा, चिकट पापुद्रा धरतो, मान सुजते. रोगाचें विष एकदां शरीराच्या पेशींत शिरलें, कीं प्रतिविषाचा त्यावर इलाज चालत नाहीं. म्हणून प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट न पाहतां नुसत्या संशयावरून तें टोंचावें लागतें. हें प्रतिविष लहान दवाखान्यांत सहसा नसतें. यास्तव आईबापांनीं मूल धडधाकट असतांनाच वैद्यास विचारून ठेवावें कीं, प्रसंग आला तर मुलास कोठें पाठवाल? तेथें प्रतिविष आहे काय? रात्रीं मिळेल काय? जो या प्रश्नांनीं रागावतो, त्याचा उंबरठा पुन्हां चढूं नये. आणि जो वही उघडून त्या रुग्णालयाचा क्रमांक लिहून देतो, त्याची चिठ्ठी घराच्या दारामागें लावून ठेवावी.