दिसता कामा नये!

थीम पार्कमध्ये नवी राइड उभी राहते तेव्हा ती किती फास्ट पळणार, एवढाच प्रश्न नसतो. ती कुठून कुठून दिसणार, यावरही डोकी तापतात. फ्लॉरिडातली एक निळी बिल्डिंग, इंग्लंडमधला एक खड्डा आणि सिंहगड रोडवरची आमची गॅलरी... गोष्ट एका ‘साइटलाइन’ची.

‘आज नववा स्लॅब टाकला.’

२०२२च्या सुरुवातीला बाबांचा फोन यायचा तो असा. हॅलो नाही, जेवलीस का नाही, डायरेक्ट स्कोअर! मी मुंबईत, आईबाबा पुण्यात. २००४ मध्ये बाबांनी सिंहगड रोडवर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, तो गॅलरीतून सिंहगड दिसतो म्हणून. ऑफिस लांब पडायचं, हप्ता जड जायचा, तरी घेतला. गडावरचा टीव्ही टॉवर स्पष्ट दिसला तर हवा कोरडी, नाही दिसला तर छत्री घ्या, ही आमची घरगुती वेधशाळा. रिटायर झाल्यावर तर बाबांचा सकाळचा चहा आणि सिंहगड हे कॉम्बिनेशन फिक्स होतं. आणि मग समोरच्या मोकळ्या प्लॉटला पत्रे लागले.

त्याच वर्षी मार्चमध्ये मी अमेरिकेत मावसबहिणीकडे गेले होते. ताई टँपाला राहते, तिथून ऑरलँडो गाडीने दीडएक तास. साहजिकच डिस्नी वर्ल्ड! पहिला दिवस एपकॉट या पार्कचा होता. इथल्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. एका बाजूला मेक्सिको, दुसऱ्या टोकाला कॅनडा, मध्ये जपान, इटली, फ्रान्स वगैरे. तळ्याकाठी उभं राहून मी मस्त फोटो काढत होते, तर ताई म्हणाली, ‘अगं, थोडी डावीकडे सरक. मागे ती बिल्डिंग येतेय.’

बाबांचं वाक्य जणू! मी मागे वळून पाहिलं.

चार गोल मावतील एवढी!

ती बिल्डिंग म्हणजे ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी: कॉस्मिक रिवाइंड’ ही नवी राइड. एपकॉटमध्ये १९८२ पासून ऊर्जेवरचं एक दालन होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथली जुनी राइड बंद झाली आणि त्या दालनाला जोडून मागे हे धूड उभं राहायला लागलं. रोलर कोस्टर पूर्ण बंदिस्त, आत अंधार, गोल फिरणारे डबे आणि भलेमोठे पडदे. एवढं सगळं झाकायचं म्हणजे खोका तेवढाच मोठा हवा. एपकॉटचं ते प्रसिद्ध चंदेरी गोल ‘स्पेसशिप अर्थ’ १८० फूट उंच आहे. असे चार गोल या बिल्डिंगमध्ये मावतील, असं खुद्द डिस्नीनेच सांगितलं होतं.

पार्कचे डाय-हार्ड फॅन्स पाच वर्षं या कामावर डोळा ठेवून होते. पार्कमधून जाणाऱ्या मोनोरेलच्या खिडकीतून फोटो काढायचे, आज एवढे खांब, आज एवढी भिंत. आणि प्रत्येक फोटोबरोबर एकच काळजी, तळ्याच्या पलीकडून ही दिसणार! झालंही तसंच. आकाशात मिसळावी म्हणून तिला निळा रंग दिलाय, पण बॉस, आकाशाला कोपरे नसतात ना!

मला आधी हसू आलं. पैसे देऊन मजा करायला आलेली माणसं, आणि टेन्शन कसलं घेतात, तर मागच्या भिंतीचं! पण मग कळलं, हा थीम पार्कचा अगदी मूळ फंडा आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिलं डिस्नीलँड उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्नीने पार्कभोवती मातीचा उंच बांध घालून घेतला आणि त्यावरून छोटी आगगाडी फिरवली. आतल्या माणसाला बाहेरचे रस्ते, गाड्या, विजेच्या तारा दिसता कामा नयेत. पुढे तर अनाहाइम शहरानेच पार्कच्या आतून दिसू नयेत म्हणून आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा घातली. हे वाचून मी सर्वांत आधी बाबांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘बघ! आणि इथे दहावा टाकला.’

मनोऱ्यामागचा मनोरा

साइटलाइन म्हणजे सरळ भाषेत नजरेची रेघ. माणूस जिथे उभा राहणार तिथून डोळ्याच्या उंचीवरून रेघ ओढायची आणि ती कुठे अडते, कुठे निसटते ते पाहायचं. मग जिथे निसटते तिथे झाडं लावा, खोटी भिंत उभारा, नाहीतर रंगाने फसवा. डिस्नीच्या पार्कांत कुंपणं, मागची दारं, शेड्स यांना एक मचूळ हिरवा रंग देतात. त्याचं लाडाचं नाव ‘गो अवे ग्रीन’. नजर त्यावर थांबतच नाही, पुढे सरकते.

या बाबतीतली सगळ्यात हटके करामत ताईने मला त्याच तळ्याकाठी दाखवली. मेक्सिकोच्या बाजूला उभं राहून पलीकडे मोरोक्कोकडे पाहायचं. माराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मनोऱ्याची प्रतिकृती दिसते आणि मागे गुलाबीसर रंगाचे आणखी काही मनोरे. वाटतं, मोरोक्कोचाच भाग असेल. पण तो असतो शेजारच्या वेगळ्याच पार्कमधला ‘टॉवर ऑफ टेरर’! १९९४ मध्ये ही राइड बांधली तेव्हा ती इथून दिसणार हे आधीच लक्षात आलं होतं. लपवणं शक्य नव्हतं, म्हणून तिची मागची बाजू आणि रंग मोरोक्कोशी जुळतील असे ठेवले. तिची उंचीही मोजून १९९ फूट. का? तर २०० फुटांच्या वर गेलं की विमानांसाठी लाल दिवा लावण्याचा नियम लागू होतो. झपाटलेल्या जुन्या हॉटेलच्या डोक्यावर लुकलुकणारा लाल दिवा? सगळी भीती पळून जाईल!

वर नाही, तर खाली

हे झालं आतल्या माणसाच्या डोळ्यांचं. पण बाहेरच्याचं काय? त्यासाठी इंग्लंडमध्ये जाऊ या. स्टॅफर्डशरमधलं ‘आल्टन टॉवर्स’ हे पार्क एका जुन्या सरदार घराण्याच्या वाड्यात आणि बागांत आहे, शेजारी छोटी गावं. तिथे नियमच असा की राइड झाडांच्या शेंड्यांच्या वर जाता कामा नये. कारण गावातल्या माणसाने काही तिकीट काढलेलं नसतं!

मग रोलर कोस्टर बांधायचा कसा? त्यांनी खडक फोडून खड्डा केला आणि कोस्टर त्यात बसवला. ‘नेमेसिस’ नावाची ही राइड १९९४ मध्ये सुरू झाली. उंची जेमतेम १३ मीटर, पण सगळ्यात मोठा उतार ३२ मीटरचा, कारण ती जमिनीच्या पोटात घुसते. खडकांमधून सुसाट जाताना वेग दुप्पट वाटतो तो वेगळाच. म्हणजे ज्या नियमाने हात बांधले, त्यानेच राइड ग्रेट केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करून रूळ बदलले आणि मार्च २०२४ मध्ये ती ‘नेमेसिस रीबॉर्न’ म्हणून पुन्हा उघडली. खड्डा मात्र तोच.

व्ह्यू गेला कुठे?

‘कॉस्मिक रिवाइंड’ २७ मे २०२२ रोजी सुरू झाली. मी तोवर परत आले होते. ताई जाऊन आली आणि तिचा फोन, ‘अगं, उलट्या दिशेने लाँच होतो! आत गेल्यावर ती बिल्डिंग बाहेरून कशी दिसते, हे कोणाच्या लक्षात राहतंय?’ खरंय तिचं. म्हणजे तळ्याकाठच्या फोटोचा जरासा कोपरा गेला आणि त्या बदल्यात एक धमाल राइड मिळाली. हिशोब वाईट नाही. कारण गमावणारा आणि मिळवणारा माणूस तिथे एकच असतो.

आमच्याकडे तसं नव्हतं. बाराव्या स्लॅबनंतर बाबांनी मोजणं बंद केलं. चौथ्या मजल्यावरून दिसणारा सिंहगड खरं तर सहाव्या स्लॅबलाच गेला होता, पुढचे सहा ते नुसते चिडून मोजत होते. पुढे समोरच्या टॉवरचं ब्रोशर आमच्याही लेटरबॉक्समध्ये पडलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘सिंहगड व्ह्यू’! म्हणजे व्ह्यू गेला नव्हता. रस्ता ओलांडून पलीकडे विकायला बसला होता.

हे मी आमच्या मागच्या बैठ्या घरातल्या आजोबांना तावातावाने सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, ‘आमच्या ओट्यावरून दिसायचा की. तुमची बिल्डिंग झाली २००४ ला, तेव्हा गेला.’

मी गप्प. अठरा वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्या खिडकीतून काय दिसतं हे आपण पैसे मोजून घेतो. दुसऱ्याच्या खिडकीतून आपण कसे दिसतो, हे ब्रोशरमध्ये नसतं. तेव्हा फ्लॅट बघायला जाल तेव्हा समोरचा प्लॉट कोणाचा, तिथे किती मजले होऊ शकतात, हे जरूर विचारा. आणि निघताना एकदा बिल्डिंगच्या मागच्या बाजूलाही चक्कर मारा.

आमच्या टेरेसवर पाण्याच्या टाकीच्या शेजारी उभं राहिलं की नव्या टॉवरच्या कडेने गडाचा एक तुकडा अजून दिसतो, टीव्ही टॉवरसकट. बाबा आता सकाळचा चहा थर्मासमध्ये घेऊन वर जातात. हल्ली थर्मास मोठा लागतो. मागचे आजोबाही येतात.