मुलांना पिकाचे पोषण कसे शिकवावे

शेतकऱ्याच्या मुलास पिकाचे अन्न कोणते असे विचारले, तर ‘खत’ हे उत्तर बहुधा तत्काळ मिळते. यात मुलाचा दोष नाही. नत्र, स्फुरद व पालाश यांस ‘अन्नद्रव्ये’ म्हणण्याचा प्रघात कृषिविषयक लेखांतही आहे, आणि या एका शब्दाने केलेला घोटाळा पुढे पाठ केलेल्या व्याख्यांनी सुटत नाही. व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने २०० पौंड वाळलेल्या मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावून ५ वर्षे त्यास केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांवर भरले. मातीची घट मात्र सुमारे २ औंस निघाली. त्याचा हा वृत्तांत १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड निव्वळ पाण्यापासून बनले असे तो समजला. हवेतील कर्बवायू त्याच्या हिशेबात आला नाही. पिकाचे खरे अन्न म्हणजे हिरव्या पानाने सूर्यप्रकाशात कर्बवायू व पाणी यांपासून केलेली साखर होय. खतातील द्रव्ये ही चूल घालण्याची माती, सरपण नव्हे.

पाणी पानापर्यंत चढते कसे, हे दाखविण्यास तेरड्यासारखे दुसरे साधन नाही. गौरींच्या सुमारास तो सर्वत्र फुललेला असतो व त्याचे खोड जवळजवळ पारदर्शक असते. पांढऱ्या फुलाचा तेरडा मुळाजवळ कापून तांबड्या शाईच्या पाण्यात उभा करावा. काही तासांत खोडात व पानांच्या शिरांत तांबड्या रेषा दिसू लागतात. नंतर खोड आडवे कापून मुलांच्या हाती द्यावे. रंग खोडभर पसरलेला नसून ठराविक ठिपक्यांतच आहे, हे त्यांचे त्यांनाच आढळू द्यावे. शेजारी पाने काढलेला दुसरा तेरडा ठेवल्यास त्यात रंग मंद गतीने चढतो. पानांतून पाण्याची वाफ होते, तीच खालचे पाणी वर ओढते.

हे पाहिलेल्या मुलास तुरीचा मर रोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जमिनीत ओल असूनही फुलोऱ्यातील तूर सुकू लागते. अशा झाडाचे खोड उभे चिरले असता आत काळपट रेघा दिसतात. फ्यूजेरियम उडम या जमिनीतील बुरशीने त्याच नळ्या कोंडलेल्या असतात. म्हणूनच येथे पाणी देऊन उपयोग नाही; रोगप्रतिकारक वाण, ज्वारीसह मिश्रपीक व पिकांची फेरपालट हेच उपाय होत.

पानात तयार झालेली साखर निराळ्या वाटेने, सालीतून, खाली उतरते. डाळिंबाची गुटी बांधताना सालीचे वलय काढतात, त्या वेळी मुलांना जवळ बोलवावे. वलयाच्या वरील पाने हिरवी राहतात, कारण पाणी आतल्या लाकडातून चढतच असते. उतरणारे अन्न मात्र वरच्या कडेशी अडते, तेथे फुगवटा येतो व तेथूनच मुळ्या फुटतात.

साखरेतून शक्ती कशी निघते, हा भाग शाळांतून फार घाईने उरकला जातो. झाडे दिवसा कर्बवायू घेतात एवढेच मुलांच्या लक्षात राहते. तीही प्राणवायू घेऊन अहोरात्र श्वास घेतात, हे निसटते. भिजवून मोड आलेली मटकी एका थर्मासमध्ये व उकडून थंड केलेली मटकी दुसऱ्यात भरून रात्रभर ठेवावी. सकाळी पहिली उबदार लागते. साखर प्राणवायूशी संयोग पावून ही उष्णता व कर्बवायू बाहेर पडतात. पाणी साचलेल्या वावरात मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो व पाण्यात उभे असलेले पीकही माना टाकते, त्याचेही कारण हेच.

पेवांचा धोका याच प्रकरणात शिकवावा. ज्वारीचे पेव असो वा सांगलीजवळील हरिपुरासारखे हळदीचे, बंद पेवात प्राणवायू संपतो व हवेहून जड असा कर्बवायू तळाशी साचतो. माणूस आत उतरताच बेशुद्ध पडतो, त्यास काढण्यास उतरलेला दुसराही पडतो. पेव उघडे टाकून पुरेसा काळ वारा खेळू द्यावा. आत सोडलेला कंदील विझला तर कोणीही उतरू नये. तो तेवत राहिला म्हणूनही निर्धास्त होऊ नये, कारण ज्योत तगेल इतक्या हवेतही कर्बवायू घातक ठरू शकतो. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर असावा, दोर धरणारी माणसे वरच थांबावीत, आणि मुलांना पेवाच्या तोंडाशी मुळीच जाऊ देऊ नये.