धुक्यात फोनचा बाण का चुकतो?



गेल्या थंडीत हिडकलच्या जलाशयात पहाटे जाळी काढायला गेलेली आपली एक नाव धुक्यात तासभर भलत्याच बाजूला जात राहिली. भरवसा फोनमधल्या होकायंत्रावर, आणि फोन होता चुंबकाची चाप असलेल्या कव्हरात! काठावर घरच्यांनी तो तास कसा काढला ते सांगायला नको. म्हणून हे लिहितो आहोत.

पृथ्वी स्वतःच एक मोठा लोहचुंबक आहे. तिच्या पोटातलं वितळलेलं लोखंड हलत राहतं, त्यात वीज वाहते आणि त्या विजेमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. क्षेत्र म्हणजे चुंबकाचा जोर जेवढ्या जागेत जाणवतो तेवढी जागा. कागदावर लोखंडाचा कीस पसरा, खाली चुंबक धरा, टिचकी मारा. रेषा उमटतात. मुलांना जरूर दाखवा. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या अशाच रेषेत उभी राहते. फोनमध्ये सुईऐवजी बारीक चिप असते, काम तेच.

पण पृथ्वीचा हा जोर फार कमी. कव्हरातला चिमुकला चुंबक जवळून त्याच्या शंभर पटीपेक्षाही भारी पडतो. चिप बिचारी जवळच्याचंच ऐकते.

वीज वाहणाऱ्या तारेभोवतीही क्षेत्र असतं. पूर्वी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजत. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे काम १९०४ साली खाडीपलीकडे अलिबागला न्यावं लागलं. तिथली मोजणीची इमारत बांधताना लोखंडसुद्धा टाळलं. आपल्या नावेत तर बॅटरी, तारा, लोखंडी नांगर सगळंच हाताशी. इंजिनाच्या फिरत्या चाकातही चुंबक असतात, त्यांच्यावरच ठिणगी पडते.

तेव्हा दिशा बघताना फोन कव्हरातून काढा, इंजिन, बॅटरी आणि स्पीकरपासून लांब धरा. लहान चुंबकापासून अंतर दुप्पट केलं की जोर साधारण आठव्या हिश्शावर येतो, म्हणजे हातभर सरकलात तरी फरक पडतो. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांची काळजी नको, शिसं चुंबकाला चिकटत नाही. बाण डळमळला तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा.

आणि नकाशावरचा निळा ठिपका उपग्रहावरून येतो, त्याला चुंबक फसवू शकत नाही. निघतानाच काठाची खूण नकाशावर करून ठेवा. बाणावर शंका आली तर नाव सावकाश थोडी पुढे न्या आणि ठिपका खुणेकडे सरकतोय का ते बघा.